परदेश प्रवासात फोन: निघण्याआधी काय काय करून ठेवता?

चांदणवेल

गेल्या महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच दोघंच परदेशी गेले, माझ्या भावाकडे. तिकिटं, व्हिसा, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं मी दोन-दोनदा तपासलं होतं. फोनचं मात्र "तिकडे गेल्यावर बघू" म्हणून सोडून दिलं, आणि घोटाळा झाला तो नेमका तिथेच.

मधल्या विमानतळावर सात तासांचा थांबा होता. तेवढ्यासाठी रोमिंग कशाला, विमानतळावर वाय-फाय असतंच, असं मीच त्यांना सांगितलं होतं. वाय-फाय होतंही. पण जोडायला गेल्यावर त्यानं मोबाइल नंबर मागितला. त्या नंबरावर ओटीपी येणार, आणि ओटीपी यायला फोनला नेटवर्कच नाही. बाबा अर्धा तास त्याच पानावर पुन्हा पुन्हा नंबर टाकत बसले. आपलंच काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटत राहिलं. तेवढ्यात विमानाचं गेट बदललं. त्याचा मेसेज आला असणार, पण तोही पोचला नाही. शेजारी बसलेल्या एका बाईंनी त्यांचे बोर्डिंग पास पाहिले आणि दोघांना उठवून दुसऱ्या गेटपाशी नेऊन सोडलं. त्या बाईंचं नावही आईला विचारता आलं नाही. मी इकडे आणि भाऊ तिकडे, दोघंही सात तास फोन लावत होतो.

पुढचं ऐका. भावानं स्थानिक सिम आणून ठेवलं होतं. बाबांनी जुनं सिम काढलं, टिश्यू पेपरात नीट गुंडाळलं आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं. आठवड्याभरानं कुणीतरी डबी पुसली आणि तो टिश्यू कचऱ्यात गेला. बाबांचं बँक खातं त्याच नंबराला जोडलेलं. अजून तीन महिने मुक्काम आहे आणि ओटीपीशिवाय खात्याला हात लावता येत नाही. नवं सिम घ्यायचं तर त्यांनी स्वतः हजर राहायला हवं, असं उत्तर मिळालं.

हे दुसऱ्या कुणाच्या आई-बाबांचं होऊ नये म्हणून हा धागा काढते आहे. तुम्ही फोनची काय तयारी करून निघता? चुका झाल्या असतील तर त्याही लिहा, त्यांचाच जास्त उपयोग होईल.

---

तारायंत्र

चांदणवेल, वाचून फार वाईट वाटलं. मी बरीच वर्षं मोबाइल सेवेच्या रोमिंग विभागात काम केलंय. बाबांचं काहीही चुकलं नव्हतं, हे त्यांना जरूर सांगा.

परदेशात फोन चालू केला की तो तिथलं एखादं नेटवर्क पकडतो. ते नेटवर्क आपल्या मूळ कंपनीला विचारतं: हा ग्राहक तुमचा ना? याला सेवा द्यायची का? कंपनीनं होकार दिला तरच फोनवर नेटवर्कच्या दांड्या दिसतात. आपल्या नंबरावर रोमिंग चालू करून घेतलेलं नसेल तर उत्तर नकाराचं येतं. मग ना फोन येतो, ना एसएमएस. ओटीपी तरी कुठून येणार?

लोक इथे तीन वेगळ्या गोष्टी एकच समजतात. पहिली, कंपनीकडून नंबरावर आंतरराष्ट्रीय रोमिंगची परवानगी. दुसरी, रोमिंगचा पॅक, म्हणजे वापराचा दर. तिसरी, फोनच्या सेटिंगमधलं 'डेटा रोमिंग'चं बटण, म्हणजे परदेशी नेटवर्कवरून इंटरनेट वापरायचं की नाही ते ठरवणारं. पॅक न घेता नुसती परवानगी चालू ठेवता येते का, आणि तशा वेळी येणाऱ्या एसएमएसला पैसे पडतात का, हे कंपनीला निघण्याआधी विचारून घ्यायचं. पुष्कळ ठिकाणी येणारा एसएमएस फुकट असतो. तसं असेल तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे परवानगी चालू, डेटा रोमिंग बंद, आणि सिम फोनमध्येच. ओटीपी येत राहतात आणि बिल वाढत नाही. फक्त येणारा फोन उचलायचा नाही, कारण रोमिंगमध्ये उचलणाऱ्यालाही पैसे पडतात.

---

घाटवाट

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी कामानिमित्त वर्षातून चार-पाच वेळा बाहेर असतो आणि रोमिंगच्या वाटेला जात नाही. उतरलो की पासपोर्ट दाखवून तिथलं प्रीपेड सिम घ्यायचं. वेग चांगला, डेटा भरपूर, आणि टॅक्सीवाल्याला किंवा हॉटेलला फोन करायला स्थानिक नंबर हाताशी. आठवड्यापेक्षा जास्त मुक्काम असेल तर मला तरी हेच पटतं.

युरोपात तर याचा मोठा फायदा. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम संघातल्या बाकी देशांतही घरच्याच दरानं चालतं. नियमाची मुदत आता २०३२ पर्यंत वाढवली आहे. नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइनही त्यात येतात. स्वित्झर्लंड मात्र येत नाही, आणि नेमके तिथेच लोक फसतात. आगगाडी सीमा ओलांडते, फोन स्विस नेटवर्क पकडतो, आणि शिल्लक रक्कम संपल्यावर कारण कळतं. सिम घेताना पाकिटावरची देशांची यादी वाचा.

---

चांदणवेल

घाटवाट, स्थानिक सिमला माझा विरोध नाही. पण ते सिम टाकायला जुनं काढलं म्हणून तर हे सगळं झालं!

---

घाटवाट

बरोबर आहे तुमचं, आणि ते मी लिहायला हवं होतं. माझ्या फोनमध्ये दोन सिमची सोय आहे, त्यामुळे जुनं काढायची वेळच येत नाही. ज्यांच्या फोनमध्ये एकच खाच आहे त्यांनी एखादा जुना साधा फोन सोबत न्यावा आणि घरचं सिम त्यात घालून बॅगेत चालू ठेवावा. सुटं सिम कुठेही ठेवू नये. नखाएवढी वस्तू, हरवली तर सापडत नाही.

आणखी एक. जास्त दिवस राहणार असाल तर त्या देशात फोनची नोंदणी लागते का ते पाहा. तुर्कस्तानात बाहेरून आणलेल्या फोनमध्ये तिथलं सिम घातलं तर १२० दिवसांनंतर तो फोन तिथल्या नेटवर्कवर बंद होतो. पुढे चालवायचा तर कर भरून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, नोंदवावा लागतो. हा १५ अंकी क्रमांक *#०६# दाबलं की दिसतो. तो तसाही कागदावर लिहून ठेवावा, फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार देताना लागतो.

---

ओंजळ

वाचनखूण साठवली. पुढच्या महिन्यात सासू-सासरे निघतायत.

---

उनाडवारा

ई-सिमबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. गेली काही वर्षं मी तेच वापरतोय आणि चांदणवेल यांच्या बाबांसारख्या अडचणीवर मला तोच चांगला उपाय वाटतो. कारण यात काही काढायचं-घालायचं नसतं. घरचं सिम जागेवर राहतं, आणि फोनच्या आत बसवलेल्या चिपवर दुसऱ्या कंपनीची ओळख इंटरनेटवरून उतरवून घेता येते. २०१८ पासूनच्या आयफोनमध्ये ही सोय आहे, बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला तर २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमची खाचच नाही.

पण त्यात खाचाखोचा आहेत, आणि त्या मी ठेचा खाऊन शिकलोय.

ई-सिम उतरवून घ्यायला इंटरनेट लागतं. म्हणजे ज्या इंटरनेटसाठी ते घ्यायचं, तेच आधी हवं. म्हणून घरच्या वाय-फायवर बसवून ठेवायचं आणि तिकडे पोचल्यावर नुसतं चालू करायचं. मात्र घेण्याआधी विचारा की मुदत कधीपासून मोजतात. काही ठिकाणी बसवल्याच्या क्षणापासून, काही ठिकाणी तिकडच्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून.

ई-सिम उतरवायला कंपनी जो क्यूआर कोड पाठवते, तो सहसा एकदाच चालतो. "नीट चालत नाही, काढून परत टाकू" असं करायला गेलात तर गेलं ते. पहिल्या वेळी मी हेच केलं होतं. रात्री अकरा वाजता, अनोळखी गावातल्या बसथांब्यावर.

आणि तो कोड ज्या फोनवर आलाय त्याच फोननं स्कॅन कसा करणार? हा प्रश्न ऐन वेळी पडतो. कोड दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडा किंवा छापून घ्या.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते इथे: प्रवासाचं ई-सिम घेतल्यावर त्या सिमचं डेटा रोमिंग चालू ठेवावं लागतं. ते सिम पुष्कळदा तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि स्वतःच रोमिंगवर असतं. घरच्या सिमचं डेटा रोमिंग बंद, प्रवासाच्या सिमचं चालू. आणि सेटिंगमध्ये 'डेटासाठी सिम आपोआप बदलणे' असा पर्याय असतो, तो बंद करा. नाहीतर प्रवासाच्या सिमचा सिग्नल कमी झाला की फोन आपला आपण घरच्या सिमवर सरकू शकतो.

---

जुनीवही

एरवी वाचनमात्र असतो, आज लिहितो आहे. वय ७१. दोन महिन्यांनी आम्ही दोघं मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघालो आहोत. माझा फोन सात वर्षांपूर्वीचा आहे. इथे उत्तम चालतो, बॅटरीही टिकते, म्हणून बदललेला नाही. ई-सिमची सोय त्यात नाही हे कळलं. पण साधं सिम तरी तिकडे चालेल ना? मुलगी नवीन फोन घ्या म्हणते आहे, मला तो खर्च अनाठायी वाटतो.

---

तारायंत्र

जुनीवही काका, तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते.

तुमचा फोन बहुधा ४जी आहे. पण ४जी मुळात डेटासाठी बांधलेलं नेटवर्क. त्यावरून आवाजी फोन करायला 'व्होल्टे' नावाची वेगळी सोय लागते. ती नसली की फोन लावताना हँडसेट खाली उतरतो, ३जी किंवा २जीवर जातो आणि तिथून बोलतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. आता अनेक देशांनी ही खालची पायरीच काढून टाकली आहे. अमेरिकेतली ३जी नेटवर्क २०२२ मध्ये बंद झाली. जपानमध्ये आपल्याकडच्यासारखं २जी, म्हणजे जीएसएम, कधी आलंच नाही, आणि तिथल्या कंपन्यांनीही २०२२ पासून एकेक करत ३जी बंद करायला घेतलं. जर्मनीत ३जी २०२१ मध्ये गेलं पण २जी ठेवलं, त्यामुळे जुन्या फोनवर बोलता तरी येतं.

ऑस्ट्रेलियात २जी आधीच गेलं होतं आणि २०२४ च्या ऑक्टोबरअखेर उरलेलं ३जीही बंद करायला घेतलं. तिथे सरकारनं आणखी एक नियम केला आहे: जो फोन ४जीवरून आपत्कालीन क्रमांकाला, म्हणजे तिथल्या ०००ला, फोन लावू शकत नाही, त्याला तिथल्या कंपन्यांनी आपल्या नेटवर्कवर घ्यायचंच नाही. म्हणजे तुमच्या फोनमध्ये तिथलं सिम घातलं आणि फोन त्या नियमात बसला नाही, तर नुसता आवाजच नाही, काहीच चालणार नाही.

यात फसवं असं की इथे व्होल्टे चालतं म्हणून तिथेही चालेल असं नाही. प्रत्येक कंपनीच्या नेटवर्कसाठी फोन बनवणाऱ्यानं ती जुळणी करून द्यावी लागते. फोनचं नेमकं मॉडेल, त्यापुढच्या अक्षरांसकट, मुलीला कळवा आणि तिला तिथल्या कंपनीकडून तपासून घ्यायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे. उत्तर नकारार्थी आलं तर मात्र, काका, फोन बदला. अनोळखी देशात रात्री काही झालं आणि मदतीचा फोन लागला नाही, ही वेळ तुमच्यावर येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

---

जुनीवही

सविस्तर उत्तराबद्दल आभार. आजच मुलीला मॉडेल क्रमांक पाठवतो.

---

पाऊलखूण

जहाजानं जाणाऱ्यांसाठी: किनारा सुटला की फोन विमानात ठेवतो तसा फ्लाइट मोडवर टाका आणि जहाजाचं वाय-फाय लागलं तर तेवढंच वापरा. मोठ्या जहाजांवर स्वतःचा मोबाइल टॉवर असतो, तो उपग्रहामार्गे जोडलेला असतो, आणि आपला फोन त्याला एखाद्या देशाचं नेटवर्क समजून आपोआप पकडतो. बहुतेक रोमिंग पॅकमध्ये तो येत नाही. आम्हाला हे सहल संपल्यावर कळलं. केबिनमध्ये टेबलावर ठेवलेल्या फोननं रात्रभर फोटो चढवले होते.

---

तारायंत्र

पाऊलखूण यांना अनुमोदन. काही विमानांतही असंच असतं.

बिल उशिरा का कळतं तेही सांगतो. परदेशी नेटवर्क आपल्या वापराच्या नोंदी नंतर मूळ कंपनीकडे पाठवतं. कधी त्या तासाभरात येतात, कधी काही दिवस लागतात. त्यामुळे पोस्टपेड असेल तर 'आत्तापर्यंतचा वापर' बघून निश्चिंत होऊ नका. निघण्याआधी खर्चाची मर्यादा घालून घेता येत असेल तर घालून घ्या.

आणि कॉल फॉरवर्डिंग! तुम्ही परदेशात, फोन उचलला नाही, आणि 'उत्तर नाही तर व्हॉइसमेलकडे' अशी सोय चालू असेल तर तो फोन आधी तुमच्यापर्यंत परदेशात येतो आणि तिथून पुन्हा मायदेशी व्हॉइसमेलकडे जातो. दोन आंतरराष्ट्रीय फेऱ्या, दोन्हींचा आकार तुमच्या माथी, आणि तुम्ही तर फोनला हातही लावलेला नाही. निघण्याआधी, घरच्या नेटवर्कवर असतानाच, ##००२# डायल करा. सगळी फॉरवर्डिंग एकदम रद्द होतात.

---

मोरपीस

व्हॉट्सअ‍ॅपचं काय करायचं? नवीन सिम घातलं की नंबर बदलतो का?

---

घाटवाट

नाही. व्हॉट्सअ‍ॅप तुमच्या जुन्या नंबराला बांधलेलं राहतं आणि कुठल्याही इंटरनेटवर चालतं. नवं सिम पाहून कधीकधी ते विचारतं, नंबर बदलायचा का? तिथे नाही म्हणायचं. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, कारण घाईत माणूस समोर येईल त्याला होय म्हणतो. आणि फोन बिघडला तर व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर चालू करायलाही जुन्या नंबरावर कोड यावा लागतो. म्हणजे पुन्हा तेच, घरचं सिम जिवंत हवं.

काही देशांत व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत मेसेज जातात पण त्यावरचे फोन लागत नाहीत. चीनमध्ये तर व्हॉट्सअ‍ॅप, गूगल, जीमेल सगळंच बंद.

---

उनाडवारा

चीनबाबत एक भर घालतो. तिथलं स्थानिक सिम किंवा हॉटेलचं वाय-फाय घेतलं तर हे सगळं बंद. पण घरचं सिम रोमिंगवर असेल तर चालतं, कारण रोमिंगचा डेटा साधारणपणे आधी आपल्या मूळ कंपनीकडे जातो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. म्हणून चीनला जाताना घाटवाट यांचा स्थानिक सिमचा सल्ला मी मानणार नाही. थोडे पैसे जास्त गेले तरी रोमिंग किंवा बाहेरच्या कंपनीचं ई-सिम घेईन.

नकाशांचंही सांगतो. फोनमधलं जीपीएस फक्त उपग्रहांचे संकेत ऐकतं, त्याला सिम लागत नाही, डेटाही लागत नाही. त्या गावाचा नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर नेटवर्क नसतानाही निळा ठिपका बरोबर चालतो. डेटा नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला एक-दोन मिनिटं जास्त लागतात, तेवढा वेळ मोकळ्या आकाशाखाली उभं राहायचं.

आणि एक अगदी वेगळीच चूक, जी माझ्याकडून झाली. स्पेनमध्ये तुई नावाचं गाव आहे, मिन्यो नदीच्या काठावर. पलीकडच्या काठावर पोर्तुगालचं वालेंसा. मधे एक जुना लोखंडी पूल, पायी ओलांडता येईल एवढंच अंतर. पण पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे. मी तुईत नदीकडच्या खोलीत उतरलो होतो. पहाटे पाचचा गजर लावून झोपलो. रात्री कधीतरी फोननं पलीकडचा टॉवर पकडला, घड्याळ आपोआप एक तास मागे सरकलं आणि गजर वाजला तेव्हा तुईत सहा वाजले होते. खिडकीतून पाहिलं तर नदीवर उजाडू लागलं होतं, आणि फोन शांतपणे पाच दाखवत होता. खालच्या चर्चच्या घंटेचे ठोके मोजले, सहा. माझी बस साडेपाचची होती. तिला पुढे विमान जोडलेलं होतं, तेही गेलं. तेव्हापासून सीमेजवळ मुक्काम असेल तर 'आपोआप वेळ' बंद करतो आणि नेटवर्कही हातानं निवडतो.

---

मोरपीस

बाप रे. हे तर कधी डोक्यातही आलं नसतं.

---

ओंजळ

माझा व्यवसाय नर्सिंगचा, म्हणून आपत्कालीन फोनबद्दल थोडं. ११२ हा क्रमांक सगळ्या युरोपीय संघात चालतो, आणि मोबाइलवरून तो बाहेरही पुष्कळ देशांत स्थानिक सेवेकडे वळवला जातो. आपल्या कंपनीचं नेटवर्क नसेल तरी फोन आपत्कालीन क्रमांकासाठी जवळचं कुठलंही नेटवर्क वापरू शकतो. पण सिमशिवायही चालतो हे सगळीकडे खरं नाही. जर्मनीत २००९ पासून सिम असावंच लागतं. त्यामुळे ज्या देशात जाताय तिथला स्वतःचा क्रमांक लिहून घ्या.

फोनमध्ये वैद्यकीय माहिती भरायची जागा असते, लॉक न उघडताही मदत करणाऱ्याला ती दिसते. रक्तगट, मधुमेह, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, आणि जवळच्या माणसाचा नंबर. बेशुद्ध माणसाच्या खिशातून निघालेला फोन लॉक असला की आमचा किती वेळ जातो ते मी रोज पाहते. कृपा करून एवढं भराच.

त्यातला नंबर अधिक चिन्ह आणि देशाच्या कोडसकट लिहा. नुसता दहा अंकी नंबर परदेशी डॉक्टरला निरुपयोगी आहे.

---

तारायंत्र

ओंजळ यांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. देशाबाहेर फोन लावण्याचा उपसर्ग जागोजागी वेगळा: बहुतेक ठिकाणी ००, अमेरिका-कॅनडात ०११, जपानमध्ये ०१०. मोबाइलवर अधिक चिन्ह टाकलं की हे काही लक्षात ठेवावं लागत नाही, नेटवर्क स्वतः पाहून घेतं. फोनवर शून्याचं बटण दाबून धरलं की ते चिन्ह उमटतं.

फक्त देशाच्या कोडनंतर स्थानिक नंबराच्या सुरुवातीचं शून्य सहसा गाळायचं असतं. ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, सगळीकडे गाळतात. इटलीच्या घरगुती फोनचं मात्र ठेवायचं असतं.

फोनमधले सगळे नंबर आत्ताच या पद्धतीनं जतन करा. घरीही ते तसेच लागतात, काही बिघडत नाही.

---

घाटवाट

पॉवर बँकबद्दल लिहायचं राहिलं. ती चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-तासांपर्यंत (हे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) सहसा अडवत नाहीत, १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. वीस हजार एमएएचची साधारण ७४ वॉट-तास भरते. पॉवर बँकेवर हा आकडा छापलेला असावा. पुसला गेला असेल तर तपासणीत काढून घेऊ शकतात.

२०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियात गिम्हे विमानतळावर उभ्या विमानात आग लागली, त्यानंतर नियम बरेच कडक झाले. कोरियात पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवता येत नाही. सिंगापूर एअरलाइन्सनं एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सनं ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच मनाई केली. म्हणून फोन विमानात चढण्याआधी पूर्ण चार्ज करून घ्या. उतरल्यावर पहिल्या तासातच तो सगळ्यात जास्त लागतो.

---

चांदणवेल

किती काही कळलं. सगळ्यांचे मनापासून आभार. मी माझ्याकडून एकच भर घालते, ती त्या शेजारच्या बाईंमुळे सुचली. आई-बाबांजवळ माणूस होता, मदत करायला तयार होता, त्या बाईंचा फोनही चालू होता. पण मुलाचा नंबर बाबांना पाठ नव्हता, तो होता त्यांच्याच नेटवर्क नसलेल्या फोनमध्ये. वाय-फाय नसलं तरी फोन उघडून नंबर दाखवता आला असता, पण त्या क्षणी ते सुचलं नाही, आणि बॅटरीही संपत आली होती.

आता मी एक कागदी चिठ्ठी तयार केली आहे. मोठ्या अक्षरात. दोघांची नावं, भावाचा आणि माझा नंबर, तिकडचा पत्ता तिथल्या लिपीत, विम्याचा क्रमांक, परतीच्या विमानाचा क्रमांक. "कृपया या नंबरावर फोन लावून द्याल का" एवढं वाक्य इंग्रजीत आणि तिथल्या भाषेत. दोन प्रती, एक आईच्या पर्समध्ये, एक बाबांच्या पासपोर्टच्या आत. परतीच्या प्रवासासाठी भावाला पाठवली आहे, तो छापून देईल.

बाबांच्या सिमचं अजून घोंगडं भिजत पडलंय. बँकेनं ईमेलवरून दुसरा मार्ग सुचवलाय, कागदपत्रं भरतोय. काही झालं तर इथे लिहीन.

---

मोरपीस

काका, तुमच्या फोनचं काय झालं?

---

जुनीवही

तीन दिवसांपूर्वी पोचलो. थोडं उशिरा लिहितो आहे.

मुलीनं तपासलं, माझा फोन तिथल्या कंपनीच्या चालणाऱ्या फोनच्या यादीत नव्हता. फोन बदलला. जुना फेकला नाही, घाटवाट यांनी सांगितलं तसं घरचं सिम त्यात घालून बॅगेत ठेवला. म्हणजे माझ्या खिशातल्या नव्या फोनमध्ये प्रवासाचं ई-सिम, बॅगेतल्या जुन्यात घरचं. पण इथे उतरल्यावर त्या जुन्याला नेटवर्क आलं नाही. तारायंत्र यांनी सांगितलेलं कारणच असणार. ते सिम आता नव्या फोनच्या खाचेत घातलं आणि बँकेचा पहिला ओटीपी काल आला. चष्म्याच्या डबीपासून दूर ठेवलं आहे.

मधल्या विमानतळावर एक प्रसंग घडला. सौ. आणि मी सुरक्षा तपासणीत वेगवेगळ्या रांगांत गेलो आणि ती माझ्याआधी बाहेर पडून भलत्याच बाजूला वळली. तिच्याजवळ चांदणवेल यांच्यासारखी चिठ्ठी होती. तिनं ती तिथल्या एका तरुण कर्मचाऱ्याला दिली. त्यानं मुलीचा नंबर लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. मग त्यानं कागद नीट पाहिला. मी घाईत +६१ नंतर शून्य ठेवून चार लिहिला होता, जसा मुलीनं मला तोंडी सांगितला तसाच. त्यानं शून्य वगळून लावला आणि पहिल्या घंटेला मुलीनं उचलला. तिनं मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं की आई २४ क्रमांकाच्या गेटपाशी आहे.

चिठ्ठीवरचं ते शून्य सौ.नं स्वतः पेनानं खोडलं, दोन आडव्या रेघा मारून. चिठ्ठी परत पर्समध्ये गेली आहे. दुसऱ्या प्रतीवरचं खोडायचं राहिलं होतं, ते हे लिहिण्याआधी उठून खोडून आलो.